शेजवान आता आपल्या पाट्यावर

वर्षावासातले ग्रंथवाचन संपले की उंबरमाळीच्या वस्तीत खीर वाटतात. यंदा एका संध्याकाळी खिरीबरोबर एका ताईने घरून कांदाभजीही आणली होती आणि सोबत दुकानातल्या लाल शेजवान चटणीच्या पुड्या. मुलांनी भजी बाजूला ठेवली. पुड्या दातांनी फोडल्या आणि नुसत्याच चोखल्या. शेवटची पुडी कोणाला मिळणार यावरून दोन भावंडांची मारामारी झाली. आजीने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि म्हणाली, "आमच्या वेळी मुलं गुळाच्या खड्यासाठी भांडायची. ही तिखटासाठी भांडतात!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू टिकले नाही.

आम्ही म्हणजे महिला मंडळाच्या चौघीजणी. एकीने नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली, बाकी तिघींनी तितकीच वर्षे चुलीपुढे काढली. त्यामुळे आमच्यात औषधाचे ज्ञान थोडे आणि पोट कसे चालवायचे याचे ज्ञान जास्त आहे. पुढच्या काही दिवसांत आम्ही रक्तदाब मोजायचे मशीन घेऊन घरोघर गेलो, तेव्हा या पुड्यांबद्दलही विचारले. पुडी चटकमटक म्हणून येत असेल असे आम्हाला वाटले होते. तसे नव्हते. आई पहाटेची कसारा लोकल पकडून कल्याण-ठाण्याकडे कामाला जाते. मागे भात असतो, कधी भाकरी असते, भाजी नसते. मुले भातावर पुडी पिळतात, कालवतात आणि शाळेत जातात. एक ताई स्पष्टच बोलली, "भाजी आणायला पैसा नाही आणि करायला वेळ नाही, त्या दिवशी हीच आमची भाजी. पोरं न रडता जेवतात, मला तेवढं पुरे आहे."

या ताईला "पुडी वाईट, देऊ नका" असे सांगून आरोग्यसेवा होत नाही. ती आम्हाला दारातून परत पाठवेल, आणि तेच बरोबर ठरेल. म्हणून आम्ही ठरवले की तीच चव घरी करायची. पण तिच्यात मीठ कमी हवे, थोडे पोषण हवे आणि ती तिच्या वेळेत बसली पाहिजे. या लेखात ती कृती आहे. आमच्या हातून जे बिघडले तेही आहे.

आधी पुडीवर काय लिहिलेले असते ते वाचू. आपल्या मुलींना वाचता येते, त्यांनाच वाचायला सांगा. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. म्हणजे ज्याचे नाव पहिले, ते सर्वांत जास्त. चटणीच्या पुडीवर पहिल्या काही नावांत पाणी, तेल, साखर, मीठ दिसले आणि लसूण-मिरची मागे ढकललेली दिसली, तर आपण कशाचे पैसे देतो ते कळते. मग 'सोडियम' हा शब्द शोधा. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम निघतात. समजा 100 ग्रॅम चटणीत 2000 मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे, तर त्यात 5 ग्रॅम मीठ झाले. मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाकरीतले, आमटीतले, लोणच्यातले, सुक्या बोंबलातले सगळे मीठ आले. लहान मुलाचा वाटा याहूनही कमी.

आपल्या वस्त्यांत रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि गोळी मध्येच सोडणाऱ्या त्याहून पुष्कळ. गोळी चालू आहे, वरून सुकी मासळी आहे, पापड आहे आणि आता पुडीही आली. मग डॉक्टर गोळी वाढवतात आणि आपण म्हणतो, "औषध लागू पडत नाही."

पुडीतल्या अजिनोमोटोबद्दल मोबाइलवर फार भीती घालणारे मेसेज फिरतात. आम्हाला ते पटत नाहीत. अजिनोमोटो म्हणजे विष नव्हे. त्यातही सोडियम असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. गाडीवरच्या उघड्या बरणीतली चटणी बोटाला लागली आणि साबणाने धुऊनही डाग गेला नाही, तर ती चटणी मुलाच्या पोटात घालू नका.

मग हे 'शेजवान' आले कुठून? चीनमध्ये सिचुआन नावाचा प्रांत आहे, त्या नावाचा हा आपल्याकडचा उच्चार. पण आपण खातो ती चटणी तिथली नाही, ती इथेच जन्मली. भारतातल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यांनी आपल्या लोकांच्या जिभेला रुचेल असे लसूण, मिरची आणि व्हिनेगरचे जेवण रचले. चिकन मंचुरियन हा पदार्थ 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी पहिल्यांदा केला असे सांगतात. त्याच्याही आधी, 1966 च्या सुमारास, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केल्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्या वड्याबरोबर येणारी लाल कोरडी चटणी म्हणजे सुके खोबरे, लसूण आणि मिरची. आपल्या गाडीवरच्या खाण्याची पहिली चटणी आपल्या पाट्यावरचीच होती.

पाट्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले आणि मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते ते कागदावर आणले. ज्यांच्या घरी तूप नव्हते, मसाल्याचे डबे नव्हते, त्यांनी मिरची-मिठावर जेवण उभे केले. मिरची, लसूण, मीठ वाटून भाकरीवर घेणे ही आपल्या आजीची गरज होती. त्याची लाज वाटायचे कारण नाही आणि त्याचे कौतुक करून गरिबी गोड करायचेही कारण नाही. पण चटणी वाटायचे कसब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते पुडीवाल्याकडून विकत का घ्यायचे, हा प्रश्न आम्हाला पडतो.

आता कृती. एक मोठी वाटी चटणीसाठी 15 ब्याडगी मिरच्या आणि 4-5 साध्या तिखट लाल मिरच्या घ्या. ब्याडगी रंगाला, साधी तिखटाला. लाल रंग पुडीतून आणावा लागत नाही, ब्याडगी तो देते. देठ काढा, मिरच्या झटकून निम्म्याहून जास्त बिया काढून टाका. उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी उकळलेलेच घ्या. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्याच शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी मुंबई पिते आणि आपल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे असो की पावसाळ्यात गढूळ झालेल्या विहिरीचे, ते पाणी तसेच चटणीत गेले तर जुलाब, कावीळ, टायफॉइड सोबत येतात.

लसणाच्या 15 पाकळ्या सोला. लसूण महाग असेल तर 8 घाला. 2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला 400 रुपयांच्या पुढे गेला होता, तेव्हा तर लोकांनी मोजून पाकळ्या वापरल्या. आल्याचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा घ्या. तीन मध्यम टोमॅटो उकडून साल काढा. टोमॅटो हा आमचा जादा घटक. गाडीवाला चटणीला अंग यावे म्हणून तेल ओततो किंवा कॉर्नफ्लोअर लावतो, आपण टोमॅटोने अंग आणायचे.

भिजलेल्या मिरच्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. लसूण-आले अगदी बारीक करू नका, ठेचलेलेच राहू द्या, शेजवानची ओळख त्या कणांत आहे. कढईत तीन पोह्याचे चमचे तेल तापवा. शेंगदाण्याचे असेल तर उत्तम. मंद आचेवर आधी लसूण-आले परता. लसूण सोनेरी व्हायच्या आत मिरचीचे वाटण घाला, करपला तर कडू होतो. मग टोमॅटो घाला आणि तेल कडेने सुटेपर्यंत, साधारण 10-12 मिनिटे, ढवळत शिजवा. शेवटी मीठ, चहाचा एक सपाट चमचा. गूळ, चहाचा अर्धा चमचा. व्हिनेगर, दोन पोह्याचे चमचे. दोन मिनिटे उकळी आणा आणि उतरवा.

सोया सॉस घालू नका. बाजारातल्या एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून जास्त मीठ असते. घालायचाच असेल तर वरचे मीठ पूर्ण वगळून तेवढाच चमचा घाला.

मिरची परतताना खिडकी-दार उघडे ठेवा, तान्हे मूल आणि दम्याचे माणूस बाहेर बसवा. हाताची आग नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खाण्याचे तेल चोळा, मग साबणाने धुवा. त्या हाताने डोळा चोळू नका आणि बाळाला अंगावर घेऊ नका. हे सांगायला नको असे वाटते, पण वॉर्डात रात्री-अपरात्री अशी रडणारी बाळे पाहिली आहेत.

एक हौसेची गोष्ट. सिचुआनमध्ये जेवणात एक मिरीसारखे फळ घालतात, त्याने जीभ बधिर झाल्यासारखी झिणझिणते. आपल्याकडच्या शेजवानमध्ये ते नसतेच. पण आपले तिरफळ, जे कोकणात माशाच्या कालवणात घालतात, ते त्याच कुळातले भावंड आहे. आम्ही दोन तिरफळांची साले कुटून चटणीत घातली, आतली काळी बी काढून टाकली. मुलांनी तोंडे वेडीवाकडी केली आणि पुन्हा मागितली.

आता बिघडलेली गोष्ट. पहिल्या वेळी आम्ही व्हिनेगर घातले नव्हते. "बाजारातले कशाला, आपले सगळे नैसर्गिक," असे आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमासाठी लोणच्याची मोठी बरणी भरून चटणी केली आणि फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तर वर फेस आणि कडेने पांढरी बुरशी. दोघी-तिघी म्हणाल्या, "वरचं काढून टाका, खालचं चांगलं आहे." एवढ्या मिरच्या, एवढे तेल, कोणाचाही जीव तुटेल. आमचाही तुटला. पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात. बरणी ओतून टाकली आणि त्या दिवशी लोकांनी भजी साध्या दह्याबरोबर खाल्ली.

बुरशी निदान दिसते तरी. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला की एक न दिसणारा धोका तयार होऊ शकतो. लसूण जमिनीतला, त्याला मातीतले जंतू चिकटून येतात. त्यातला बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागी, आंबटपणा कमी असेल तर, विष तयार करतो. तेलाखाली हवा नसते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात 1985 साली एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे बरेच लोक असे आजारी पडले होते. या विषाला वास असेलच असे नाही. हा आजार विरळा आहे, घाबरून जायचे कारण नाही. पण घरची चटणी खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत कोणाच्या पापण्या जड होऊन पडल्या, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना, तर 'नजर लागली' म्हणत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्ले ते सांगा.

पुडीत साठवणुकीची रसायने असतात म्हणून ती महिनोन्‌महिने दुकानात टांगलेली राहते. ती रसायने ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे. आपण ती घालत नाही, तर त्यांचे काम आपल्यालाच करावे लागते. काचेची बाटली दहा मिनिटे उकळा, पूर्ण वाळवा, चमचा कोरडा वापरा. फ्रिज असेल तर चार-पाच दिवस. फ्रिज नसेल तर ओली चटणी त्याच दिवशी संपेल एवढीच करा.

व्हिनेगर घेताना लेबल असलेली सीलबंद बाटली घ्या. सुटे 'ॲसिड' पाणी घालून वापरू नका. तीव्र ॲसिटिक ॲसिडने तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि घरात तशी बाटली असली की एखाद्या दिवशी मूल ती पाणी समजून तोंडाला लावते. त्याच दिवशी संपवायच्या चटणीला चिंचेचा दाट कोळ किंवा लिंबू चालते.

"आमच्याकडे फ्रिज नाही, रोज कोण वाटत बसणार?" हा प्रश्न त्या पहाटे लोकल पकडणाऱ्या ताईनेच विचारला. त्याचे उत्तर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईने दिले, नर्सबाईला ते सुचले नव्हते. तिने सांगितले, कोरडी करून ठेवा. खुरासणी म्हणजे कारळे आपल्या शहापूर-मुरबाडच्या माळावर होतात. एक वाटी कारळे कोरडे भाजा, अर्धी वाटी शेंगदाणे भाजा, 8-10 ब्याडगी मिरच्या मंद भाजा, लसणाच्या पाकळ्या तव्यावर पूर्ण कोरड्या होईस्तोवर परता, चहाचा पाऊण चमचा मीठ घाला आणि कुटा. ही पूड कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे राहते. सकाळी निघताना दोन चमचे पुडीत एक उकडलेला किंवा चुलीत भाजलेला टोमॅटो कुस्करायचा, लिंबू पिळायचे, थेंबभर तेल. दोन मिनिटांत भातावर घ्यायची लाल चटणी तयार. 2021 च्या जुलैत पावसाने उंबरमाळी स्टेशनातले रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या, तेव्हाही ज्यांच्या डब्यात अशी चटणी होती त्यांचे जेवण अडले नाही, असे तीच बाई वर ऐकवते.

आम्हाला हा प्रकार ओल्या शेजवानपेक्षा जास्त आवडला. यात भातासोबत शेंगदाण्याची प्रथिने पोटात जातात, कारळ्यातून थोडे लोह जाते आणि लिंबू-टोमॅटोतले क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचे दिसले. चटणीने रक्तक्षय बरा होत नाही, त्याला दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या लागतात. पण जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, ते लोह वाया जाते. एवढे सांगून पुढे जातो.

मोठ्या मुलींनी मेयोनीजचे विचारले. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये एकेका वर्षाची बंदी घातली, कारण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला हा जंतू पोटात जातो. घरी कच्चे अंडे फेटून मेयोनीज करू नका. दही फडक्यात दोन तास टांगा, त्या चक्क्यात चिमूटभर मीठ, मिरपूड, एक ठेचलेली लसूण पाकळी आणि चमचाभर तेल घालून घोटा. वाढदिवसाच्या बर्गरला ते छान लागते. त्याच दिवशी संपवा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या घासात मीठ आणि साखर घालायची नसते, दोन वर्षांपर्यंत वरची साखर नकोच. म्हणून यातली कोणतीही चटणी बाळाला चाटवू नका, ते कितीही हात पुढे करो.

परवा त्या ताईच्या घरी पुन्हा गेलो. कोरड्या चटणीचा डबा फळीवर होता, आणि शेजारी दोन पुड्याही होत्या. तिने त्या लपवल्या नाहीत. म्हणाली, "रविवारी देते. बाकीचे दिवस डबा." धाकट्याने डबा उघडून आम्हाला वास दिला आणि विचारले, "त्यातलं झिणझिणणारं कधी घालणार?" पुढच्या वेळी तिरफळे घेऊन जायचे कबूल केले आहे. मे महिन्यात कसारा घाटाकडची करवंदे आली की कच्च्या करवंदांची आंबट-तिखट चटणी करून पाहणार आहोत. जमली तर कृती त्या अंकात देऊ, बिघडली तर तेही लिहू.